औषध चोळलेले चेहरे

झाडीपट्टीच्या नाटकांत मी वीस वर्षं खलनायक आहे. माझी एन्ट्री झाली की पार सिंदेवाहीपर्यंतच्या म्हशी आटतात. एकदा एस.टी.च्या ड्रायव्हरनं माझं पोस्टर पाहिलं आणि भरली गाडी वळवून परत गडचिरोलीला नेली. एवढा हा चेहरा! पण तो चोरावा असं आजवर कोणाला वाटलं नाही, हेच माझं दुखणं.

चोरी झाली ती आमच्या नायिकाबाईंच्या चेहऱ्याची. गेल्या हंगामात कोणीतरी तो पोस्टरवरून उचलला आणि यंत्राकडून एका घाणेरड्या व्हिडिओवर बसवला. बाई चार महिने दाराबाहेर पडल्या नाहीत. यंदा काम करायला तयार झाल्या त्या एकाच अटीवर: फोटो बाहेर जाण्याआधी त्यांची मुलगी त्याला 'औषध चोळेल'. मुलगी गडचिरोलीला कॉम्प्युटर शिकते. म्हणाली, पेरण्याआधी धानाच्या बियाण्याला चोळतो, तसंच हे. माणसाला फोटो तोच दिसतो. यंत्रानं हात घातला की चेहरा फिसकटतो. "बहुतेक वेळा," हेही तिनंच सांगितलं.

तालमीच्या दुपारी तिनं औषध चोळायला आधी आईचा फोटो घेतला, मग हिरोचा. हिरो! माझा ठोसा खाऊन ज्याला नीट पडताही येत नाही.

"पोरी, आन माझा?"

"तुमचा शेवटी, मामा. तुमचा चेहरा कोण चोरते?"

हिरोनं दात काढले. माझ्या पोटात असा वणवा पेटला, की धूर ताडोबाच्या वाघांच्या नाकात गेला असेल. त्या धुरातच मी चामोर्शीच्या साळ्याला माझ्या फोनमधला तालमीचा एक फोटो धाडला, बिनऔषधाचा. मधोमध मी, शेजारी बाई. खाली लिहिलं, "सगळ्या ग्रुपवर टाक."

उत्तर आलं, "लय भारी! शेतावर जातो, तिथी रेंज नाई. सांजच्याले टाकतो."

"पाह्य," मी हिरोला फोन दाखवला, "उद्या चामोर्शीत माझा फोटो फिरते."

मुलीनं डोकावून पाहिलं. तिचा हात थांबला. "मामा, याच्यात आई आहे."

मी साळ्याला फोन लावला. लागेना.

बाई तालीम सोडून आल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या चेहऱ्याले राखण लागत नाई, म्हून जळून राह्यले? मले तसाच चेहरा पाह्यजे होता."

मी अंगावरच्या राक्षसी कोटासकट एस.टी. धरली. शेतात साळा धानाचे भारे बांधत होता.

"पूस तो फोटो."

"काऊन, भाऊजी? हिरोपेक्षा भारी दिसून राह्यले तुम्ही."

"हिरोपेक्षा?"

"लय!"

खोटं कशाला सांगू, मी तो फोटो आणखी एकदा पाहिला. दोनदा पाहिला. मग त्याच्याच बोटानं पुसायला लावला, पुसलेल्या फोटोंच्या डब्यातूनही. माझ्या फोनमधला मीच पुसला.

बाई यंदा रंगमंचावर उभ्या राहिल्या. आणि मी हिरोपेक्षा भारी दिसत होतो, याला आता जगात एकच साक्षीदार उरलाय. तोही माझा साळा.