कमानीवरचा मासा

"मॅडम, हा दगड या घराचा न्हाय."

रस्त्याच्या कामावरचे इंजिनिअर साहेब हे बोलले, तेव्हा माझ्या खांद्याच्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. पत्रक मीच लिहिलेलं, मीच छापून आणलेलं. मथळा होता, 'हे घर पाडू देणार नाही!' खाली जाड टायपात, 'दगडावर कोरलेलं साल हाच पुरावा!' घरी जाऊन मोजलं, तर पानभर मजकुरात अकरा उद्गारचिन्हं होती.

मी जुन्या बांधकामांचा सर्व्हे करते. धाराशिवच्या एका छोट्या फर्ममध्ये, कॉन्ट्रॅक्टवर. आम्ही तालुक्यातल्या जुन्या वास्तूंची यादी करतो. गावात जायचं, टेप टाकायचा, फोटो काढायचे, फॉर्म भरायचा. फॉर्ममध्ये एक रकाना 'एव्हिडन्स'चा. म्हणजे ही वास्तू जुनी आहे, हे कशावरून? लोक म्हणतात म्हणून, हे उत्तर चालत नाही. सालाचा दगड सापडला तर रकाना एका ओळीत भरतो.

सालाचा दगड म्हणजे बांधकाम पूर्ण झालं की दर्शनी भागात बसवलेला, वर्ष कोरलेला दगड. आपल्याकडं ते वर्ष बहुतेक वेळा इसवी सनात नसतं. कुठं शके असतं, कुठं हिजरी. निजामाच्या राजवटीतल्या कितीतरी दगडांवर फसली असतं, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशोबाचं साल. त्यात पाचशे नव्वद मिळवले की साधारण इसवी सन येतो. हे मी पाठ केलं होतं. दगड वाचायचा कसा, तेही शिकले होते. समोरून टॉर्च मारला तर काही दिसत नाही. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरायचा. मग कोरीव रेघांच्या सावल्या पडतात आणि सपाट वाटणारा दगड बोलायला लागतो.

पण दगड बोलतो, याचा अर्थ तो सगळं सांगतो असा नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

गाव परंडा तालुक्यातलं. नाव देत नाही, कारण मला तिथं अजून जायचं असतं. गावातून जाणारा रस्ता रुंद होणार होता. एका बाजूच्या घरांवर लाल रेघा मारल्या होत्या. रेघेच्या आतलं जाणार. त्यात इमामचाचांचं घर होतं.

इमामचाचा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-उशा भरून देतात. घराच्या पुढच्या भागात दगडी कमान, कमानीखाली त्यांचं पिंजायचं मशीन आणि समोर ओटा. मागं एकच खोली, तीत चाचा-चाची राहतात. पुढचा भाग गेला, तर घर उरत होतं आणि धंदा जात होता. खाटेवर बसून कापूस पिंजता येत नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा कमानीच्या वर एक दगड दिसला. त्यावर हिरव्या, मग निळ्या, मग चंदेरी ऑइलपेंटचे थर. सणाला घर रंगवायचं म्हटलं की आपली माणसं दगडालाही सोडत नाहीत. रंगावर कापसाची उडती पिंज चिकटलेली. मी शिडी मागितली, मऊ ब्रशनं ती काढली आणि टॉर्च आडवा धरला. उर्दू आकड्यांत साल होतं, हिशोब केला तर दीडशे वर्षांपूर्वीचं. पुढं 'फसली' असा शब्द. एका बाजूला मासा, दुसऱ्या बाजूला वेल.

"चाचा, तुमचं घर निजामाच्या काळातलं आहे!"

"असं का?" चाचा खालून म्हणाले. "बरं हाय मग."

"हे आता कुणाला पाडता येणार नाही."

चाचा काही तरी बोलणार होते. पण मी शिडीवरून उतरले, फॉर्म भरला आणि बससाठी पळाले.

कॉलेजात असताना मी चळवळीत होते. फीवाढ असो, हॉस्टेलचं पाणी असो, आदल्या दिवशी अन्याय कळला की दुसऱ्या दिवशी पत्रक. ती सवय नोकरीत सुटली नाही. रस्त्याची रेघ कुणी तरी टेबलावर बसून मारली होती, जागेवर न येता. माझं डोकं फिरलं. पाचशे पत्रकं छापली आणि गावच्या बाजाराच्या दिवशी वाटली. त्यात चाचांचं नाव घातलं. 'पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा' असंही लिहिलं.

सरांचा, म्हणजे आमच्या फर्मच्या मालकांचा, फोन आला.

"तू सर्व्हेयर आहेस का पुढारी?"

"सर, लेखी पुरावा आहे."

"दगडाचा आजूबाजूचा फोटो कुठाय? तू नुसता आकड्याचा क्लोजअप पाठवलायस."

"आकडा महत्त्वाचा आहे ना सर?"

"तू संयुक्त पाहणीला ये. आणि घोषणा देऊ नकोस."

संयुक्त पाहणी म्हणजे सगळ्या बाजूंच्या लोकांनी जागेवर एकत्र उभं राहून बघायचं. आमचे सर आले, रस्त्याचे इंजिनिअर आले, निम्मा गाव आला. साहेब मूळचे ईट गावाकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. मला वाटलं होतं माणूस उर्मट असेल. त्यांनी शांतपणे शिडी मागितली, वर चढले आणि माझाच टॉर्च घेऊन आडवा धरला.

"मॅडम, हा दगड या घराचा न्हाय."

"कशावरून?"

"वर या, दाखवतो. दगडाच्या चारी बाजूंनी काय हाय?"

सिमेंट होतं. त्या सालात आमच्या भागात सिमेंट कुणी पाहिलं होतं?

"आता ही वेल बघा. निम्म्या पानावर संपली. दगडाची कड तुटलेली न्हाय, सरळ घडलेली हाय. कारागीर दगड बसवून झाल्यावर दोन्ही दगडांवरनं सलग वेल कोरायचे. म्हणजे याचा जोडीदार कुठं तरी दुसरीकडं हाय. आन् घराच्या कमानीवर मासा कशाला बसवतील? मासा पाण्यापाशी असतो."

मासा मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. फॉर्मवर 'शुभचिन्ह' असं लिहून मोकळी झाले होते.

गर्दीतून एकजण ओरडला, "आवो ताई, पत्रक परत घ्या तुमचं, माझ्याकडं दोन हायत!" लोक हसले. मला चाचांकडं बघवेना. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"साहेब खरं बोलतेत," चाचा म्हणाले. "दगड आमचा नै. हे घर माझ्या बापानं बांधलं. माझ्याहून दोन महिन्यांनी धाकटं हाय."

साहेबांनी वहीत काही तरी लिहिलं आणि सगळे पांगले. सर मला एवढंच म्हणाले, "एंट्री खोडून पाठव." त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी ओट्यावर बसले. चाचींनी चहा आणून ठेवला. मी चिडलेच होते, आणि चिडायला समोर चाचा सोडून कुणी नव्हतं.

"चाचा, तुम्ही आधी का सांगितलं नाही?"

"तू इचारलंच न्हाय, बेटी. तू दगडाशी बोलत होतीस."

"पत्रक निघालं तेव्हा तरी सांगायचं!"

"तवा तर लईच अवघड झालं. तू माझं नाव छापलंस. बाजारात माणसं सलाम करायला लागली. आता दगड दुसरीकडचा हाय म्हणावं, तर लोक म्हणतील, पिंजाऱ्याच्या बापानं चोरला. मला न इचारता तू मला हिरो केलंस, आन् हिरोला गप बसावं लागतं."

चळवळीत आम्ही दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळ्यांना विचारत असू, 'लोकांना विचारलं का?' मी एका माणसाला विचारलं नव्हतं, आणि तो माझ्यासाठी शिडी धरून उभा होता.

मग, उशिरा का होईना, विचारलं. "दगड कुठला?"

चाचांनी रस्त्यापलीकडं बोट केलं. समोर उकिरडा होता. प्लास्टिक, राडारोडा, वेड्या बाभळी. त्यातच एक पाटी, 'नियोजित व्यापारी गाळे'.

"त्याच्याखाली बारव हाय. चारी अंगानं पायऱ्यांची विहीर. नळ आला आन् गावानं तिच्यात कचरा टाकायला सुरुवात केली. मग राडारोडा. बापानं बघितलं, लिहिलेला दगड आता गाडला जाणार. लिहिलेला दगड मातीत घालू नै, असं त्यांचं म्हणणं. एकट्यानं पहारीनं काढला, बैलगाडीत घातला आन् इथं वर बसवला. बारव परत उघडली की परत लावू म्हणायचे. बारव काय उघडली न्हाय."

म्हणजे ज्याला लोक चोर म्हणतील अशी भीती होती, त्या एकाच माणसानं काही तरी वाचवलं होतं. आणि बाकीचं गाव, आजच्या पाहणीत हसणारं, पिढीभर बारवेत कचरा ओतत होतं. माझा संताप परत आला. पण या वेळी तोंड उघडण्याआधी मी पिशवी उघडली.

मी एक पत्रक काढलं. त्याची पाठ कोरी होती. शिडीवर चढून ते दगडाच्या उजव्या कडेवर धरलं आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच घासली. याला आम्ही छाप घेणं म्हणतो. निम्मं पान, देठ आणि कडेची रेघ कागदावर उमटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा पहार घेऊन उकिरड्यात उतरले. पहार मारत चालले. मातीत ती मुकाट जायची. एका जागी खणकन वाजली. आम्ही दोघांनी बाभळी तोडल्या, प्लास्टिक ओढलं. घाणीबद्दल लिहीत नाही. दुपारपर्यंत पायऱ्यांच्या तोंडावरच्या भिंतीचा हातभर भाग मोकळा झाला. तिथं एका दगडाची रिकामी खाच होती, आणि खाचेच्या उजव्या बाजूच्या दगडावर निम्मं पान.

मी पत्रक लावलं. पान पूर्ण झालं.

चाचा पायरीवर बसले. "अब्बा, उघडली बघा," एवढंच म्हणाले.

मी सरांना फोटो पाठवले. या वेळी लांबून, जवळून, टेप लावून. सरांचा फोन आला. "हा एव्हिडन्स. आधीची होती ती घोषणा." मग त्यांनीच साहेबांना बोलावलं.

साहेबांनी बूट काढले, पँट दुमडली आणि खाली उतरून कागद स्वतः लावून बघितला. मी गप्प राहायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

"साहेब, रस्त्याची रेघ या बाजूला का सरकत नाही?"

"या बाजूला गाळे आहेत."

"कुठं आहेत?"

साहेबांनी उकिरड्याकडं पाहिलं. "कागदावर."

"आणि चाचांचं घर?"

"ते जमिनीवर हाय. माहितेय मला." ते जरा हसले. "मॅडम, बारव यादीत घाला. यादीतल्या वास्तूला चिकटून गाळे बांधायला परवानगी मिळायची न्हाय. बारव रस्त्यापासून चांगली आत हाय. गाळे गेले की पुढची पट्टी मोकळी. मग रेघ इकडं सरकवायला मला कारण मिळतं."

झालं तसंच, पण बोलण्याइतकं सोपं नाही. कितीतरी महिने गेले, चार वेळा अर्ज केले, एकदा फाइलच सापडेना. ज्यांनी गाळ्यासाठी नाव दिलं होतं, ते अजून माझ्यावर खार खाऊन आहेत. एक गृहस्थ बसस्टँडवर भेटले की म्हणतात, "या ताई! तुमच्या माशानं आमचं दुकान गिळलं." त्यांचंही खोटं नाही. गावात दुकानाला जागा हवीच आहे. ती बारवेवर नको, एवढंच माझं म्हणणं.

चाचांचा ओटा गेला. कमान राहिली, मशीन राहिलं. यादीत बारवेच्या एंट्रीत 'माहिती देणारे' या रकान्यात त्यांचं नाव आहे, आणि शेजारी त्यांच्या वडिलांचं, 'दगड जपणारे' म्हणून. असा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. सरांनी पेनानं आखला.

आता आमच्या फॉर्ममध्ये आणखी दोन प्रश्न छापलेले आहेत. दगड मूळ जागी आहे का? आणि घरातल्या माणसाला विचारलं का? दुसरा माझ्यामुळं आलाय, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. नवीन मुलं आली की त्यांना मुद्दाम माझ्यासमोर सांगतात.

माशाचा दगड चाचांनी स्वतः काढून दिला. तो बारवेच्या खाचेत परत बसला. कमानीच्या वर भोक राहिलं. गेल्या महिन्यात गेले, तर तिथं साधा, नवा घडलेला दगड होता.

"यावर काय लिहू?" चाचांनी विचारलं. या वेळी त्यांनी मला विचारलं होतं.

"साल लिहा. दगड बसवला ते, म्हणजे या वर्षाचं."

"आन् उद्या तुझ्यासारखी कुणी टॉर्च घेऊन आली तर?"

पुढच्या खेपेला गेले, तेव्हा साल कोरून झालं होतं. उर्दू आणि मराठी, दोन्ही आकड्यांत. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. ती वाचायला टॉर्च आडवा धरावा लागला नाही.

'कमान जुनी, दगड नवा. बाकी आत येऊन विचारा.'