न पाहिलेल्या सिनेमावर मी लिहिलेलं पत्रक

गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मी पिपरी मेघेच्या देवानंदमामांचा अपमान केला. छापून केला, घरोघरी वाटला. त्यामागची खरी गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही — आईलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो, कारण ते पत्रक तुमच्याही दारात टाकलं होतं.

मामांची भाची करुणा. तिने फोनवर सिनेमा काढला होता. पुस्तकांतला तो जुना नामांकित गुप्तहेर — कोट, भिंग, नाक वर — आणि त्याच्या मागे मागे फिरून 'वा, कसं ओळखलंत!' म्हणणारा साथीदार, या दोघांना तिने उचलून थेट आष्टीच्या आठवडी बाजारात आणून सोडलं. साथीदार झाले मामा. पोस्टातून रिटायर झालेला माणूस, आयुष्यातली पहिली भूमिका. पौर्णिमेला नालवाडीच्या विहारासमोर पडदा लागणार होता.

पोस्टर आलं. भर उन्हात गुप्तहेर ऐटीत उभा, आणि मामा त्याच्या डोक्यावर छत्री धरून.

माझं डोकं सणकलं. अजूनही आपल्या माणसाने छत्रीच धरायची? 'पडद्यावरची गुलामी बंद करा!' — मजकूर तयार. पत्रक छापण्याआधी मंडळाच्या बैठकीत आमच्या ज्येष्ठ विमलताईंनी एवढंच विचारलं, "पोरा, पूर्ण पाह्यला ना तू?"

"दोनदा," मी म्हणालो.

एकदाही नाही. एक मिनिटही नाही! करुणा दाखवायला बोलावत होती, मी गेलो नाही. का? पाहिला असता तर राग ओसरला असता — आणि मला तो राग हवा होता.

खेळ रद्द झाला. चौकात पोरं मामांना गाठायची — "काऊन मामा, छत्री धराचे किती भेटले?" मामा आधी हसून न्यायचे. मग त्यांनी विहारात येणंच सोडलं. मला सगळं दिसत होतं. दुसऱ्यांच्या खोटेपणावर माइक धरून बोलणारा मी — गप्प.

गेल्या आठवड्यात करुणाने सिनेमा पाठवला. खाली एकच ओळ: 'आता तरी पाह्य.' चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या लावला. आणि काय सांगू तुम्हाला! व्यापाऱ्याची मोटारसायकल चोरीला गेलेली. गुप्तहेर भिंग घेऊन चाकोऱ्या मोजतोय, इंग्रजी फाडतोय, एका गरीब हमालावर संशय घेतोय. आणि मामा? छत्रीखाली उभे. छत्री धरणाऱ्याकडे कोण बघतं? भाजीवाली त्यांच्यासमोर खरं बोलते, व्यापाऱ्याचा भाऊ बोलतो, खुद्द व्यापारीही फोनवर बोलतो! मामांचे कान, मामांचे डोळे — अख्खा बाजार त्यांच्यात गोळा होत जातो. हमालाला पकडून नेणार तेवढ्यात मामा छत्रीचा दांडा गुप्तहेराच्या हातात देतात. "सायेब, आता थोडा वेळ तुमी धरा. मी सांगतो."

मी ओरडलो. खरंच ओरडलो! टपरीवाला म्हणाला, "का झालं बे, मॅच हाय का?" गाडी व्यापाऱ्यानेच विकलेली, आणि मामा ते असं उलगडत नेतात — आवाज न चढवता, एकेक माणसाकडे बघत — की अंगावर काटा येतो. मला शंभर पत्रकांत ओरडूनही जे सांगता आलं नसतं, ते या माणसाने एका वाक्यात सांगितलंय. आणि त्यालाच मी गुलाम म्हणालो. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी 'पाहिला' म्हणालो होतो.

खोटं बोललो. बस. यापुढे 'पण' नाही.

येत्या रविवारी संध्याकाळी विहारासमोर याच सिनेमाचा पडदा लागतोय. मी मामांकडे गेलतो, त्यांनी दार लावून घेतलं. बरोबर केलं. म्हणून तुम्ही जा. रविवारी उन्हं उतरली की त्यांच्या घरी जा, आपल्या तोंडाने त्यांना बोलवा, आणि सोबत घेऊन येऊन पहिल्या रांगेत मधोमध बसवा.

जा.