शेजारणीच्या स्क्रीनची रेघ

दसरा होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ उभी राहिली. वॉरंटी दसऱ्याच्या दिवशीच संपली होती. पाथरीत बसस्टँडच्या रस्त्याला माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे: पीकविमा, सातबारा, दाखले, कॉलेजचे फॉर्म. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं निघायच्या आधी कागदं नीट करून घेतात, त्यामुळे त्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. रेघ नेमकी त्या गर्दीत आली. तिच्याखालचा आकडा अंदाजाने वाचावा लागे, आणि खात्याच्या नंबरात एक आकडा चुकला की माणसाचे पैसे अडकतात. चालवून घेण्यासारखी गोष्ट नव्हती.

माझ्या दुकानाला लागूनच माझ्या शेजारणीचं दुकान आहे. काम तेच. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, धंदा शिकली माझ्याकडे, मग भिंतीपलीकडचा गाळा भाड्याने घेतला. मी अडवणार तरी कशी. गाळा माझ्या मालकीचा नव्हता. दोघींनी स्क्रीन परभणीच्या एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतले होते. आता तिच्याही स्क्रीनवर तशीच रेघ आली. हे कळल्यावर मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

ते टिकलं नाही. तिने स्क्रीन परभणीला नेला आणि वॉरंटी संपलेली असूनही आतलं पॅनल फुकटात बदलून आणलं. लगेच मीही माझा नेला. मेकॅनिकने चौकट उघडली आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात त्याला कुंकू सापडलं. दसऱ्याला मी दुकानातल्या यंत्रांची पूजा करते. ओल्या बोटाने हळदकुंकू लावते, आंब्याच्या पानाने पाणी शिंपडते. त्यातलं थोडं आत झिरपलं होतं. दुकानदार म्हणाला, ओल गेली आहे, याला कंपनी हात लावणार नाही, नवा घ्या. पूजा तर शेजारीणही करते. पण त्यांच्या घरात महादेवाची भक्ती. ती कोरडं भस्म लावते आणि दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसून टाकते. तिच्या स्क्रीनमध्ये काहीच सापडलं नाही.

परत येताना जीपमध्ये स्क्रीन मांडीवर होता. राग दुकानदाराचा यायला हवा होता, येत होता तिचा. कायम माझ्याकडे येणारा एक म्हातारा दुकानाच्या दारातूनच रेघ बघून म्हणाला, "पोरीकडं साफ दिसायलंय, तिकडंच करून घेतो." आणि गेला. तिचं हसणं भिंतीतून ऐकू यायचं. ती कशाला हसायची देव जाणे, मला ते माझ्यावरच वाटायचं.

शेवटी ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे बोलली. वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपला असं नसतं, माल मुळातच सदोष असेल तर नंतरही दाद मागता येते, असं तिने सांगितलं. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला यंत्र घेतलं असलं तरी माणूस ग्राहकच. मात्र दोष मुळातला आहे हे दाखवावं लागतं. तिने दोन गोष्टी करायला सांगितल्या. दुकानदाराकडून नकाराचं कारण लेखी मागायचं. आणि त्याच मॉडेलला तोच दोष आणखी कोणाला आला असेल, तर त्याचा पुरावा जोडायचा.

पुरावा भिंतीपलीकडे होता. तिच्या दुरुस्तीच्या पावतीवर पॅनलमध्ये दोष होता असं लिहिलेलं असणार. जिच्या नशिबावर मी जळत होते, तिच्या दारात जाऊन तीच पावती मागायची होती. तो दिवस मी ढकलला, पुढचाही ढकलला. मग एका बाईच्या अर्जात रेघेखालच्या तीनचा आठ करून बसले. पाठवायच्या आधी लक्षात आलं म्हणून बरं. तिचा अर्ज नीट करून दिला आणि उठले.

शेजारणीकडे गर्दी होती. मी कामाचं तेवढं बोलले. माझं वाक्य संपायच्या आत तिने खणातून पावती काढून झेरॉक्सवर ठेवली.

"अक्का, मी कवाची वाट बघायले," ती म्हणाली. "तुमी आल्याच न्हाई. म्हणलं, ह्यांचं तोंड फुगलेलं हाय, आपणहून जाऊन कशाला बोलणी खावी."

बाकावरची माणसं हसली.

"तोंड माझं हाय," मी म्हणाले, "फुगवीन न्हाई तर काय करीन. दोन प्रती काढ."

तिने काढल्या, दोन्हीवर सही केली आणि झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत. टोमण्यापेक्षा ते जास्त लागलं.

तक्रार मी स्वतः टाइप केली. रेघ उजवीकडे आहे, कुंकू डावीकडे. शेजारच्या स्क्रीनला कुंकू नव्हतं तरी रेघ तीच आली. एक प्रत कंपनीला पाठवली, एक दुकानदारापुढे ठेवली आणि नकार लेखी मागितला. तो म्हणाला, तुम्ही धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहक कशा? हेल्पलाइनच्या बाईने सांगितलेलं मी त्याला ऐकवलं. ओलीमुळे रेघ आली असं लिहून सही करायला तो तयार होईना. कंपनीला विचारतो म्हणाला.

मध्ये काही दिवस गेले, गिऱ्हाइकंही गेली. मग फोन आला. पॅनल कंपनी देईल, बसवायची मजुरी तुमची. शेजारणीकडून मजुरी घेतली नव्हती. त्यासाठीही भांडता आलं असतं, पण गर्दी ओसरायच्या आत मला स्क्रीन हवा होता. मजुरी दिली आणि घेऊन आले.

संध्याकाळी ती बघायला आली. चारी कोपरे वाकून बघितले आणि म्हणाली, "झालं ना माझ्यावानीच, फुकटात?"

"फुकटात," मी म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडून पासबुक मागून घेतलं. मजुरी द्यावी लागली हे तिला अजून माहीत नाही. कळायची काही गरजही नाही.