अर्जदार नाना, हरकतदार नाना

आमच्या शेजारच्या नानांशी पूर्ण एकमत झालेला माणूस त्या काळी उभ्या जळगावात नव्हता, आणि एखादा निघालाच असता तर नानांनी आधी त्याच्याविरुद्धच लिहिलं असतं. भुसावळला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात केळीच्या वॅगनी दिल्लीकडे रवाना करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि रिटायर झाल्यावर ते मुंबईकडे हरकती रवाना करू लागले. सरकारने एखाद्या कायद्याचा किंवा नियमांचा मसुदा काढला की शेवटी एक ओळ असते, जनतेने आपल्या हरकती व सूचना अमुक दिवसांत पाठवाव्यात म्हणून. ती ओळ कोणी मनावर घेईल असं छापणाऱ्यालाही वाटत नसावं. नानांना मात्र ती खास आपल्यासाठीच छापली आहे असं वाटायचं. कायदा आवडला तर त्यांची हरकत लांब असायची आणि नावडला तर फार लांब. "ज्या कायद्याला कोणी हरकत घेत नाही ना भाऊ, तो कोणी वाचलेलाच नसतो," असं ते मला सांगायचे.

माझं अक्षर बरं होतं, एवढाच काय तो माझा गुन्हा. सुट्टीच्या दिवशी उन्हाचा ताव जरा उतरला की नाना मला हाक मारायचे. अंगणातल्या निंबाखाली ते बाजेवर डोळे मिटून बसत आणि मी स्टुलावर बसून, खाली कार्बन घालून, ते सांगतील ते लिहून घेई. चैत्रात निंबाची बारीक पांढरी फुलं कागदावर पडत राहायची. ती झटकायची मनाई होती. एखाद्या वाक्यानंतर नाना इतका वेळ गप्प बसायचे की मला वाटे, झोप लागली. पण ते झोपलेले नसत, मुंबईला गेलेले असत. ती मुंबई त्यांची स्वतःची होती. तिथे एक गार, उंच छताची खोली होती आणि तिच्यात एक सचिव दाराकडे डोळे लावून विचारत बसला होता, "जळगावचं पत्र आलं का? नाही? मग थांबा, कायद्याची घाई करू नका." घरातून अक्का, म्हणजे नानांच्या मंडळी, मध्येच विचारायच्या, "आज कोनावर लिखी राहिनात?" नाना डोळे न उघडता म्हणायचे, "सरकारवर." "मंग चहा दोन बार लागी," म्हणून अक्का आत वळायच्या.

हे सगळं कागदावर राहिलं असतं तर ठीक होतं. पण नानांना चारचौघांतही राहवत नसे. सार्वजनिक विहिरीजवळ नवी बोअर मारायला बंदी करणारा कायदा आला, त्या उन्हाळ्यात आम्ही चोपड्याकडे एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत वरण-बट्टी वाढली जात होती. नानांनी बट्टी कुस्करता कुस्करता त्या कायद्याची अशी काही स्तुती चालवली की आजूबाजूचे केळीवाले जेवायचे थांबले. समोर तूप घेऊन उभे असलेले वरपिते आठवड्यापूर्वीच बोअर मारून मोकळे झाले होते. ते शांतपणे म्हणाले, "नाना, आधी बट्टी खा. पानीनी बात मंग करूत." नानांनी बट्टी खाल्ली, तूपही घेतलं, आणि जाताना त्यांनाच विचारलं, बोअर विहिरीपासून किती पावलांवर आहे.

मुलींना वडिलांच्या मिळकतीत वाटा देणारा कायदा झाला तेव्हा तर आमच्या गल्लीत महिनाभर दोन तट होते. एका तटात नाना होते आणि दुसऱ्यात बाकीची गल्ली. कोपऱ्यावरच्या दुकानातले कापडवाले शेठ म्हणाले, "नाना, बेटीला लग्नात सगळं देऊन झालं. आता पुन्हा हिस्सा कशाचा?" नाना म्हणाले, "शेठ, लग्नात दिलं ते जावयाला दिलं." तेवढ्यात नानांना कळलं की आधीच लग्न झालेल्या मुलींना हा कायदा लागू नाही. त्यांच्या एकुलत्या एक मुलीला धुळ्याला देऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी त्याच संध्याकाळी मला बसवलं आणि मुंबईला कळवलं की, लग्न आधी झालं हा मुलीचा दोष नसून माझा उतावळेपणा आहे, त्याची शिक्षा तिला नको. या पत्राचंही उत्तर आलं नाही. नानांच्या कुठल्याच पत्राचं येत नसे.

झाडांच्या कायद्याचे तर ते जणू पहारेकरी होते. विनापरवाना झाड तोडू नये, हे नगरपालिकेपेक्षा त्यांना जास्त पटलेलं होतं. शेठच्या दुकानाची पाटी झाकणारी चिंच केवळ नानांच्या हरकतीमुळे जिवंत होती. "आपल्या जागेत झाड लावणारा मालक असतो खरा," ते शेठना म्हणायचे, "पण ते मोठं झालं की आपण त्याचे शेजारी."

आणि नेमका त्यांच्याच अंगणातल्या निंबावर प्रसंग आला. नानांच्या घरात खाली स्वयंपाकघर आणि वर निजायची खोली. खाली पुढे आणखी एक खोली होती, पण तिच्यात जुनी राजपत्रं आणि हरकतींच्या नकला छताला टेकल्या होत्या, आणि तिला खोली म्हणायचं नाही अशी त्या घराची रीत होती. अक्कांचे गुडघे पार गेले होते. जिना शिडीसारखा उभा. एक दिवस त्या मधल्या पायरीवरच बसल्या, ना वर जाता येईना, ना खाली. नाना त्यांच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले आणि बराच वेळ दोघं तशीच बसून राहिली, असं माझ्या बायकोने मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी नानांनी मला बोलावलं. पत्नीसाठी अंगणात खोली बांधायची आहे, सबब निंब तोडण्यास परवानगी मिळावी, असा दोन ओळींचा अर्ज त्यांनी डोळे उघडे ठेवून सांगितला.

काही दिवसांनी नगरपालिकेचा माणूस येऊन निंबाच्या बुंध्यावर नोटीस चिकटवून गेला. कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे. नानांनी चष्मा लावला, नोटीस वाचली, पुन्हा वाचली, आणि मला हाक मारली. मी म्हणालो, "नाना, हा अर्ज तुमचाच आहे." ते म्हणाले, "अर्ज माझा आहे. झाड माझं आहे का?" मग डोळे मिटून त्यांनी स्वतःविरुद्ध अशी हरकत सांगितली, की इतकी सुरेख हरकत त्यांनी सरकारविरुद्धही कधी घेतली नव्हती.

सुनावणीला शेठ दुकान बंद करून मजा बघायला आले होते. अधिकारी तरुण होता. त्याने विचारलं, "अर्जदार?" नाना उठले. "हरकतदार?" नाना बसलेच नव्हते. आधी त्यांनी अक्कांच्या गुडघ्यांची बाजू मांडली. मग टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तितक्याच कळकळीने निंबाची मांडली. अधिकारी म्हणाला, "नाना, यातलं एक मागे घ्या." नानांना ते जमेना. शेठसुद्धा हसायचे विसरले.

तेव्हा मागून आवाज आला, "मनी बी एक हरकत शे, साहेब." रिक्षा करून, भिंतीला धरत, अक्का आपण होऊन आल्या होत्या. "घरमा जागा शे. सगळी यास्ना कागदेस्नी खाई टाकी. निंब राहू द्या, कागद काढा."

अधिकाऱ्याने नानांकडे पाहिलं. नाना अक्कांकडे पाहत होते. मग त्यांनी मान हलवली. चाळीस वर्षांच्या संसारात अक्कांनी घेतलेली ही पहिली हरकत, आणि ती जागच्या जागी मान्य झाली.

रद्दीवाल्याच्या हातगाडीला तीन खेपा लागल्या. तिन्ही वेळा नाना गल्लीच्या टोकापर्यंत गाडीबरोबर चालत गेले. अक्कांची खाट त्या खोलीत खिडकीशी लागली, आणि चैत्रात निंबाची फुलं वाऱ्याबरोबर तिच्यावर येऊन पडू लागली. त्यानंतर नानांच्या प्रत्येक हरकतीवर दोन सह्या असत. पहिली अक्कांची, एकेक अक्षर जोडत केलेली, आणि तिच्या खाली नानांची. सही करण्याआधी अक्का मला सगळं वाचून दाखवायला लावायच्या आणि निम्मं काढून टाकायच्या. हरकती फार चांगल्या होऊ लागल्या. उत्तर अर्थात तरीही यायचं नाही.

चारेक वर्षांनी त्याच खिडकीशी अक्का गेल्या. नानांनी लिहिणं बंद केलं. मला फार सुनं वाटायचं, पण हाक मारा म्हणून कोणाला सांगता येत नाही. मग एका चैत्रात, कुठल्याशा नियमांचा मसुदा पेपरात आला होता, आणि त्यांनी मला हाक मारली. त्यांनी अगदी थोडक्यात हरकत सांगितली. जास्तीचं झालेलं आपणच खोडायला लावलं. शेवटच्या ओळीखाली मी त्यांचं नाव लिहू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, वर एक ओळ सोडा."

मी सोडली. नानांनी तिच्या खाली सही केली, कार्बनच्या प्रतीतही ती ओळ कोरी राहिली आहे ना, ते उजेडात धरून पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाकीट मागितलं.