बकुळाचा कौल

“गोळ्या कुठं ठेवल्यास, आये?”

“ठेवल्यात कुठल्या? चुलीत घातल्या. देवीनं डावा कौल दिला ना! आजार असता तर उजवा पडला असता. स्वभावाला कसली गोळी, रे?”

“डॉक्टर म्हणतात, दोन्ही हाय.”

“दोन्ही? बोंबील नि बांगडा हाय काय, एका टोपलीत घालायला?”

भिवा म्हणजे मिरकरवाड्याच्या बंदरावर फाटकी जाळी सांधणारा माणूस. गुंता त्याच्या बोटांना कळे, जिभेला नाही.

आतल्या दाराशी त्याची बायको बकुळा उभी होती. मासळीच्या लिलावात हिची हाक उठली की बर्फवालेसुद्धा हातचं टाकून ऐकत. ब्याऐंशी साली, नवी नवरी असताना, भिवा बंदरावरून उशिरा आला म्हणून तिनं त्याचे सगळे सदरे विहिरीत टाकले, आणि मग त्याच्याच पायांना मिठी घालून रडली, “सोडून जाऊ नका.” पुढल्या पावसाळ्यात भिंतीकडे तोंड करून निजली, ती उठेचना.

डॉक्टर म्हणाले, “उदासीचा आजार आहे, तो गोळीनं उतरेल. पण माणूस सोडून जाईल ही धास्ती तिच्या घडणीतच आहे. दोन्ही एकमेकांत गुंतलंय. गोळ्या चालू ठेवा आणि तिला माझ्याकडे बोलायला आणत जा.”

गोळ्यांनी बकुळा उठली, वेणी घालू लागली. पण भिवाला उशीर झाला की सदरे विहिरीतच. तेव्हा गोदा, तिची सासू, म्हणाली, “आजार गेला. उरलाय तो माज.” आणि गुरवाकडून कौल लावला. देवीच्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्या: उजवी पडली तर आजार, डावी पडली तर स्वभाव. तिसरी पाकळी लावायची रीतच नव्हती.

“उद्या तिच्या बापाला निरोप धाड,” गोदा म्हणाली. “घेऊन जाऊ दे लेकीला जयगडला.”

“मी गोळ्या परत आणतो, आये.”

“आण की! देवीचा शब्द मोडणाऱ्याच्या हातात कुठला तांडेल आपल्या होडीचं जाळं देतो, बघू.”

बकुळा पुढं आली. “अवो, तुम्ही तरी सांगा. मी आजारी हाय की वाईट?”

‘दोन्ही’ हा एकच शब्द भिवाच्या ओठांवर होता. डॉक्टरांच्या तोंडी तो औषध होता. हिच्या प्रश्नाला लावला तर सुरी झाला असता.

“नसंल सांगायचं तर नका सांगू,” ती हळूच म्हणाली. “पण उठून जाऊ नका.”

भिवानं खुंटीवरची सुईदोऱ्याची पिशवी काढली, आणि बंदराकडे जायला उंबरा ओलांडला.