इंजिनघर आणि मामांची विहीर

युद्धाच्या दिवसांत अचलपूरच्या छोट्या गाडीवर जपानी विमानं बॉम्ब टाकणार, अशी आमच्या वरिष्ठांची खात्री पटली होती. चढावर ही गाडी एवढी दमायची की उतारू खाली उतरून बोरं वेचत आणि पुन्हा चढत. तिचं जपानशी वैर कधी झालं, ते मला कळलं नाही. पण इंजिनं जमिनीखाली लपवायची, तिथंच दुरुस्त करायची, असं ठरलं आणि नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. मी अमरावतीच्या कचेरीत नकाशे काढत असे. ते इंजिनघर पुढे झालंच नाही, हे आधीच सांगून टाकतो. उगाच कुणी आस धरू नये.

नकाशा मी मन लावून काढला. उतरते रूळ, धूर जायला धुराडी, इंजिनाच्या पोटाखाली उभं राहून नटबोल्ट आवळायला खड्डा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि भिंती आत ढकलते, म्हणून भिंती चांगल्या जाड. अडचण एकच होती. साहेबांनी पसंत केलेल्या जागेत माझ्या मामांची वांग्या-मिरच्यांची वाडी होती आणि मधोमध विहीर. अर्धी वाडी जाणार, हे मामांनी गिळलं होतं. विहीर राहिली तर उरलेल्या अर्ध्या वाडीवर घर चाललं असतं. म्हणून मी रुळांना विहिरीभोवती वळण दिलं.

साहेब पुण्याकडचे. त्यांनी वळणावर बोट ठेवलं.

“हे काय?”

“विहीर आहे, साहेब.”

“बुजवा.”

बुजवायला बेलदार आले. ऊन मी म्हणत होतं. आमच्याकडे दारी आलेल्याला आधी पाणी विचारतात, काम मागाहून. मामींनी सगळ्यांना गूळपाणी दिलं, वर भाकरी आणि वाडीतल्याच वांग्यांचं भरीत. बेलदारांनी वांग्यांची तारीफ केली, हात धुतले आणि फावडी उचललीच नाहीत.

मुकादम मला म्हणाला, “बाबूजी, या इहिरीचं पाणी पेलो आमी. आता तिच्यात माती नाई टाकत.”

दुसरी टोळी मागवली. तिलाही तहान लागली. मामींच्या मनात कसलाही कावा नव्हता. माणसाला पाणी न देता उभं ठेवणं त्यांना जमतच नसे. मी कचेरीत ‘काम चालू आहे’ असं कळवत राहिलो आणि मनातून फार खूश होतो.

शेवटी साहेब स्वतः आले. मामींनी त्यांनाही पाणी दिलं. साहेबांनी तांब्या रिकामा केला, पाणी गोड आहे म्हणाले, रुमालानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळले.

“कधी बुजवताय?”

“साहेब, मी याच पाण्यावर वाढलो.”

“मग ती कुठे आहे, ते तुम्हांला ठाऊकच आहे. करा सुरुवात.”

बेलदार माझ्याकडे पाहू लागले. तेवढ्यात मामा पुढे आले आणि त्यांनी मातीचं टोपलं ओढून घेतलं.

“तू काहून, बापू? भाचा हायेस तू माहा. अन् या लोकाईलेबी पाप नको. माही इहीर हाये, मीच बुजवतो.”

त्यांनी टोपलं भरलं, काठाशी उभं राहून विहिरीला हात जोडले आणि माती आत ओतली. खाली पाणी वाजलं. मी साहेबांसमोर रडलो. मामा दुसरं टोपलं भरायला वळले.