जर्मन टेलरचा पाठमोरा शिपाई

जर्मन टेलर कुठल्याही माणसाला आधी मागून बघायचे. परतूरच्या हायस्कुलात रुजू होऊन मला चारच दिवस झाले होते. शर्ट शिवायला त्यांच्या दुकानात गेलो, तर नाव-गाव न विचारता म्हणाले, "सर, जरा रस्त्याकडं तोंड करा बरं." मी वळलो. मग म्हणाले, "उजवा खांदा उतरल्याला हाय तुमचा. पिशवी त्याच खांद्याला लावता जनू." ते खरं होतं. आमची ओळख झाली ती अशी, एकमेकांचं तोंड न बघता.

टेलर कधी जर्मनीला गेले नव्हते. परतूर-जालना सोडून त्यांचा लांबचा प्रवास एकच, छप्पन साली नागपूरला, दीक्षेसाठी. हे नाव पडलं होतं दुकानातल्या एका चित्रावरून. त्यांचे उस्ताद जालन्याच्या छावणीत साहेबांचे कपडे शिवायचे. त्यांच्याकडून टेलरना एक जड कात्री आणि कुठल्याशा पुस्तकातून सुटलेलं हे पान मिळालं होतं. पानावर एक शिपाई. आभाळी निळा कोट, लाल कॉलर, छातीवर एका रांगेत पितळी गुंड्या, आणि काळ्या टोपावर कपाळापासून मानेपर्यंत केसाळ तुरा. खालची अक्षरं जालन्याच्या एका डॉक्टरांनी वाचून दिली होती. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याचं पायदळ, गेल्या शतकातलं. आसपासच्या गावांतले बँडवाले लग्नात मिरवायचे ते टेलरनी शिवलेल्या याच कोटात, फक्त रंग ज्याच्या त्याच्या आवडीचा. कुणी "बँडचा ड्रेस" म्हटलं की टेलर बिघडायचे. "बँडचा न्हाई. फौजेचा हाय. बव्हेरियाचा."

घोळ एकच होता. शिपाई समोर तोंड करून उभा होता. त्याची पाठ कशी होती, हे टेलरना ठाऊक नव्हतं आणि त्या पाठीनं त्यांची झोप उडवली होती. दर वेळी ते पाठ निराळी शिवायचे. कधी मधोमध शिवण, कधी कमरेला पट्टा, कधी चुण्या. शिवायचे आणि उसवायचे. अर्धी बाही मशीनखाली ठेवून उठायचे, चित्रापुढं उभे राहायचे, पान उलटून मागं बघायचे. मागं कोरं होतं हे वीस वर्षांपासून माहीत असूनही बघायचे. त्यांच्या बायको, शांताबाई, काजं करता करता म्हणायच्या, "संसार मांडला माझ्यासंगं, अन् ध्यान सारं त्या मुडद्याच्या पाठीवर."

"पाठ कोण बघतंय, टेलर?" मी एकदा विचारलं.

"सर, बँड फुडं चालतो. मागून चालनाऱ्याला काय दिसतं? अख्खी वरात पाठच बघून राह्यली ना?"



त्या वर्षी बौद्धवाड्यातल्या पोरांनी स्वतःचा बँड उभा केला. आजवर ती दुसऱ्यांच्या बँडात दुसऱ्यांचे घामट कोट घालून वाजवत होती. आता एप्रिलातल्या जयंतीच्या मिरवणुकीत आपले बारा निळे कोट घालून चालायचं ठरलं. त्यांचा म्होरक्या कचरू, क्लॅरोनेट वाजवायचा. माघ सरेपर्यंत बारा छात्या आणि चोवीस बाह्या भिंतीला लटकल्या. पाठी मात्र नव्हत्या. कचरू रोज शाळेच्या वाटेवर मला गाठायचा. "सर, तुमीच सांगा त्यायला. दीड महिना राह्यला. साधी पाठ लावा म्हनावं." मी सांगितलं, तर टेलर भडकले. "साधी म्हंजे कोनाची? लग्नातली पाठ या कोटाला बिलकुल लावनार न्हाई. जयंतीचा हाय."

माझंही मन तेव्हा परतुरात लागत नव्हतं. होळीच्या सुटीत औरंगाबादला पळालो, आणि कॉलेजच्या ग्रंथालयात सहज म्हणून फौजांच्या पोशाखांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात तोच शिपाई होता, तोच तुरा. आणि शेजारी दुसरा, पाठमोरा. पातळ कागद ठेवून, काय गिरवतोय ते न बघता घाईघाईत रेघ न् रेघ गिरवली आणि पहिल्या गाडीनं परत निघालो.

गाडीत बसल्यावर मी चित्र नीट पाहिलं आणि माझा चेहरा पडला. शिपायाच्या पाठीवर भलंमोठं चौकोनी कातडी ओझं होतं, त्यावर गुंडाळलेलं अंथरूण, दोन्हीकडून पट्टे. कोट दिसत होता तो कमरेखाली चार बोटं, तिथं दोन गुंड्या. पाठ दिसतच नव्हती.

तरी कागद त्यांच्या हातात दिला. कचरूही तिथंच होता. टेलर स्टुलावर बसले. त्यांना असं निवांत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, मला भीती वाटली.

"माझ्या बापाची पाठ मी अशीच बघितली, सर," ते हळू म्हणाले. "अंमलदार गावात आला की त्याचं वझं बापाच्या पाठीवर. फुडच्या गावापर्यंत. मी मागून चालायचो. बाप दिसायचाच न्हाई, वझंच दिसायचं."

मग टेलर उठले, कात्री उचलली आणि कचरूला म्हणाले, "जल्दी कर रे, कापड आन. वझं काढू अन् मंग शिवू."

पंधरा दिवसांत बारा पाठी झाल्या आणि एकही उसवली नाही. पट्टा नाही, चुण्या नाहीत. खांद्यापासून कमरेपर्यंत लाल गोटाच्या दोन सरळ रेघा आणि खाली त्या दोन गुंड्या. जयंतीला ऊन मी म्हणत होतं. पोरांच्या टोपांवर तुऱ्यासाठी लावलेल्या बकऱ्याच्या केसांचा वास सुटला होता. मी बघायला पुढं धावलो, तर टेलरनी दंड धरला. "फुडून न्हाई. मागं चला." आम्ही मागून चाललो. समोर बारा ताठ निळ्या पाठी. टेलर तिथंही स्वस्थ नव्हते, कुणाची किनार ओढ, कुणाचा खांदा झटक. मध्येच थांबून त्यांनी बाहीनं डोळे पुसले. मीही पुसले, लाजलो नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. टेलर स्टेशनवर आले, माझ्या पिशवीचा पट्टा डाव्या खांद्यावर घातला आणि गाडी सुटायच्या आतच "येतो" म्हणून निघाले. जन्मभर मशीनवर वाकून त्यांना पोक आलं होतं. दहा पावलं गेल्यावर त्यांनी खांदे मागं ओढले आणि फलाटाच्या टोकापर्यंत ताठ चालत गेले. एकदाही वळून बघितलं नाही. मी मागून बघतोय, हे त्यांना ठाऊक होतं.